सशाचं वाण

"पाय बरं, हाताले काही लागते का?"

काकूंच्या घरी कोणीही गेलं की आधी हे पाहायचं. त्या खाली बसायच्या, उजवा तळहात जमिनीवर सपाट टेकवायच्या, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरवायच्या आणि तो हात आलेल्याच्या नाकासमोर धरायच्या. आपण हात पाहायचा आणि "नाही वं काकू, काहीच नाही," म्हणायचं. मग चहा. हे झाल्याशिवाय त्या घरात चहा मिळत नसे. हे मी अनुभवाने सांगते, कारण एकदा घाईत होते, हात पाहिला नाही, तर मला बिनचहाची परत पाठवली होती.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्या वेडाला आपण हसतो आणि घरी आल्यावर गुपचूप झाडू हातात घेतो. काकूंना नाव होतं, गावाला ते माहीत आहे, पण मी इथे लिहीत नाही. लहानथोर सगळ्यांच्या त्या काकूच होत्या.

मी गावची पशुसखी. म्हणजे डॉक्टर नाही, कंपाउंडरही नाही. बचत गटातल्या एखाद्या बाईला थोडं शिकवतात, हातात औषधाची पेटी देतात आणि गावात सोडतात, ती मी. शेळी फुगली, कोंबडीची मान वाकडी झाली, की आधी माझ्या नावाने हाक. माझ्याने नाही झालं तर मग बुलढाण्याचे डॉक्टर. आमचं गाव देऊळघाटच्या पुढे, भाजीपाल्याचं. वांगी, कोबी, मेथी, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या. पहाटे गाडी भरायची आणि दिवसभर वावरात वाकायचं, असं आमच्या बायांचं आयुष्य.

माझं तोंड फटकळ आहे. माझी सासू सांगते, नवरा सांगतो, आणि ते खरंच आहे. मनात आलं की मी बोलून मोकळी होते. सरपंचाला तोंडावर बोलले आहे, डॉक्टरांनाही बोलले आहे. आयुष्यात एकदाच, जिथे बोलायला हवं होतं तिथे मी गप्प बसले. काकूंची आठवण सांगायची म्हणजे ते सांगावंच लागेल.

काकूंचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. गावाच्या कडेला दोन खोल्यांचं मातीचं घर, उत्तरेला तोंड, आणि दक्षिणेला एका व्यापाऱ्याच्या गोदामाची उंच भिंत. आतल्या खोलीत वर्षाचे बाराही महिने ऊन म्हणून यायचं नाही. आमच्या गटाला एका योजनेतून ससे आले, तेव्हा ते कोणी घ्यायला तयार होईना.

"ससा काय दूध देते का?" आमच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. "का अंडे देते?"

सगळ्या हसल्या. काकू मागे बसल्या होत्या. म्हणाल्या, "मले द्या. घरात तोंड हलवनारं कोनी तरी राह्यीन."

झालं. एक नर आणि दोन माद्या काकूंच्या घरी गेल्या. नराचं नाव त्यांनी ठेवलं पाव्हना. "दोन टाइम जेवते आन कान हलवते, मंग पाव्हनाच ना तो." थोरल्या मादीचं नाव लक्ष्मी. पांढरीशुभ्र, लाल डोळ्यांची, आणि गावातल्या कुठल्याही जनावरापेक्षा निरोगी. तिला मी कधी आजारी पाहिलं नाही. हे लक्षात ठेवा.

सशांबरोबर जाळीचे पिंजरे आले होते, खाली पाय असलेले. लेंडी जाळीतून खाली पडावी, सशाच्या पायाला लागू नये, म्हणून ते तसे असतात. प्रशिक्षणात आम्हाला हे दहादा सांगितलं होतं. काकूंनी ससे दुसऱ्याच दिवशी बाहेर काढले आणि पिंजऱ्यात कांदे भरले.

"काकू, हे काय केलं?"

"अवं, जाळी टोचते लेकरायच्या पायाले. तू झोपशीन का जाळीवर?"

"मी काय ससा आहे?"

"मंग तुले काय समजते त्याचं?"

मी पिंजऱ्याचा हट्ट सोडला. आणि खरं सांगू का, तो सोडला कारण मला त्यांची जमीन आवडली होती. आतल्या खोलीत ससे मोकळे. रोज सकाळी काकू सगळी लेंडी झाडून काढायच्या, मग शेण कालवून सगळी जमीन सारवायच्या. बोटांच्या कमानी इतक्या सारख्या पडायच्या की त्यावर पाय ठेवायला जीव धजत नसे. सशाच्या खोलीला जो एक उग्र वास असतो, तो इथे नावाला नाही. मी इतर गावांच्या बाया आणून ती खोली दाखवली. "पाहा, याला म्हणतात ससे पाळणं," असं म्हणाले. काकू खाली बसल्या, हात फिरवला, नाकासमोर धरला. त्या बाया तोंडाला पदर लावून पाहत राहिल्या.

माझ्या भेटीच्या वहीत मी लिहिलं, 'स्वच्छता उत्तम.' खाली दोन रेघा मारल्या. ती वही अजून माझ्या पेटीत आहे.

लक्ष्मीचं पहिलं वेत निभावलं. दोन पिल्लं गेली, पण दोन जाणारच, असं आम्ही धरून चाललो. दुसरं वेत दिवाळीच्या सुमारास झालं. ती पिल्लं दूध सोडून पाल्याला लागली, तेव्हा आमच्याकडे कडाक्याची थंडी पडली होती. एका सकाळी मी गेले तर काकूंनी ओठांवर बोट ठेवलं.

"ऐक."

आतल्या कोपऱ्यात चार पिल्लं पाठीची कमान करून बसली होती. डोळे अर्धे मिटलेले. आणि खोलीत एक बारीक आवाज होता, कर्र कर्र, थांबून थांबून. जात्यात खडा आल्यावर येतो तसा, पण फार हलका.

"जपाले बसले हायत," काकू कौतुकाने म्हणाल्या. "सकायपासून सुरूच हाय. लय गुनाचे."

मी हसले. वर म्हणाले, "मोक्षाला जातात की काय!" माझी जीभ झडली नाही तेव्हा. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की सशाला दुखलं तर तो शेळीसारखा ओरडत नाही. तो दातावर दात घासतो.

त्या आठवड्यात पाच पिल्लं गेली. एकामागे एक, रोज सकाळी एक. मागचे पाय घाण झालेले, अंग थंड. मी पाहिलं आणि ठासून सांगितलं, "थंडी आहे काकू. दार लावून ठेवत जा. खाली पोतं टाका." त्यांनी दार लावलं, पोतं टाकलं. मग सकाळी सारवलेली जमीन संध्याकाळपर्यंत ओलीच राहायला लागली आणि पोतंही खालून ओलं. पण शेणाची ओल म्हणजे आमच्यासाठी पवित्र गोष्ट. ती कोणाला मारील, असं कोणाच्या मनात येणार?

काकू प्रत्येक पिल्लू लिंबाच्या झाडाखाली पुरायच्या, हातपाय धुवायच्या आणि पुन्हा सारवायला बसायच्या. पुढे पुढे त्या सकाळ-संध्याकाळ दोनदा सारवायला लागल्या. जितकी पिल्लं मरत, तितकी ती खोली जास्त स्वच्छ होत गेली. मला तेव्हा तिथे बसवत नसे. का ते कळत नव्हतं. चहा घेऊन मी लवकर उठायची.

मग मार्गशीर्षात दोन्ही माद्या एकाच आठवड्यात व्यायल्या. तेरा पिल्लं झाली. आणि याच सुमारास आमच्या गटात तो विषय निघाला.

विषय मीच काढला. आमच्याकडे संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बाया एकमेकींना हळदीकुंकवाला बोलावतात, वाण लुटतात. वाण म्हणजे काय, प्लास्टिकचा डबा, चाळणी, नाही तर साबणाची वडी. पण ज्या बाईचा नवरा गेला, तिला त्यात जागा नाही. ती त्या दिवसांत दुसऱ्याच्या उंबऱ्याशी जात नाही आणि तिच्याकडे कोणी येत नाही. मी गटाच्या बैठकीत म्हटलं, हे बंद करा. आपण बारा जणी बरोबर काम करतो, एका ताटात जेवतो, मग संक्रांतीला काकू एकट्या का? अध्यक्षबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि हात वर केला. मग सगळ्यांनी केला. मोबाइलवर फोटोही काढला. काकूंचा हात तेवढा खाली होता. त्या पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या.

निघताना त्यांनी मला दाराशी थांबवलं.

"खरंच येतीन का वं त्या?"

"न यायला काय झालं?"

"मंग म्या डबा-बिबा नाई देत. म्या ससा देतो. जिवंत वाण."

आता ऐका, ही कल्पना वेडी नव्हती. सशाची लेंडी वांग्याला घातली की झाड कसं उठतं, हे बायांनी काकूंच्या परसात पाहिलं होतं. आता प्रत्येकीला एक ससा हवा होता. संक्रांतीच्या आधल्या आठवड्यात तेरातली दोन पिल्लं मेली. काकू आनंदाने धावत माझ्याकडे आल्या. आनंदाने म्हणते आहे, चुकून नाही.

"अकरा राह्यले! मोजून अकरा! देवानंच मोजून ठेवले, बाई!"

त्यांना सोडून गटात आम्ही अकरा जणी होतो.

संक्रांतीला सगळ्या आल्या. खोटं नाही बोलणार, मला भीती होती, पण सगळ्या आल्या. काकूंनी सकाळपासून तीनदा सारवलं होतं. अंगावर निळं लुगडं. चौरंगावर हळदीकुंकवाचं तबक, तिळाच्या वड्या, आणि भिंतीला लागून अकरा टोपल्या, प्रत्येकीत पालकाच्या पानांवर एक पिल्लू. काकूंनी कुंकवाची चिमूट उचलली आणि हात तसाच राहिला. पुढे जाईना.

"लाव वं," अध्यक्षबाई कपाळ पुढे करून म्हणाल्या. "काय पायतं? हात दुखून राह्यला असन त मी लावतो तुले."

काकूंनी कुंकू लावलं. मग मी त्यांना लावलं. त्यांचं कपाळ गार होतं आणि त्या डोळे घट्ट मिटून बसल्या होत्या, सुई टोचून घेणाऱ्या लहान मुलीसारख्या. कोणीतरी उखाणा घ्या म्हणालं आणि लगेच जीभ चावली. तर काकूच हसल्या. म्हणाल्या, "घेतो की. मेल्या मानसाचं नाव घ्याले काय हरकत हाय?" आणि त्यांनी घेतला. उखाणा मला आठवत नाही. त्यांचा आवाज आठवतो.

मग वाण. प्रत्येकीची टोपली तिच्या ओटीत. "कसं गुबगुबीत हाय वं!" "पोट त पाय त्याचं, ढोल!" बाया पिल्लांना गालाला लावत होत्या.

माझी पाळी शेवटी आली. मी पिल्लू टोपलीतून उचललं आणि सवयीने बोटं फिरवली. पोट तट्ट फुगलेलं. पण पाठीवर बोट नेलं तर कणा हाताला लागला, एकेक मणका. शेळीच्या करडाचं असं झालं, पोट मोठं आणि पाठ धारदार, तर मी लांबूनही सांगते की हे आजारी आहे. मी शेजारणीच्या टोपलीत हात घातला. तेच. तिच्या पलीकडच्या टोपलीतलंही तसंच. आणि अशा गलक्यातही मला तो आवाज आला. कर्र कर्र.

मी वर पाहिलं. काकू माझ्याकडेच पाहत होत्या. कपाळभर कुंकू, तोंडभर हसू. म्हणाल्या, "कसं हाय माह्यं वाण?"

तुम्ही काय केलं असतं? मी म्हणाले, "लाखात एक."

मनात म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे. बाईला इतक्या वर्षांनी एक दिवस मिळाला आहे, तो मी नासवणार नाही. उद्या सकाळी घरोघर जाऊन बघते. दुसऱ्या दिवशी सासूला ताप आला. तिसऱ्या दिवशी कोबीची गाडी होती. आणि तोवर अकरा पिल्लं अकरा घरांत पोचली होती.

पहिलं पिल्लू पाचव्या दिवशी मेलं. आठव्या दिवसापर्यंत पाच गेली. माझंही त्यातच. मी ते डब्यात घातलं आणि ऑटोने बुलढाण्याला गेले. डॉक्टरांनी टेबलावर ते उघडलं. काळीज, म्हणजे यकृत, केवढं तरी सुजलेलं होतं आणि त्यावर पांढरट पिवळे ठिपके होते, ज्वारीच्या दाण्याएवढे. मोजता आले नसते.

"कॉक्सिडिओसिस," डॉक्टर म्हणाले. "ससे जमिनीवर असतात का?"

"हो."

"जमीन ओली असते?"

मी सांगितलं. रोज सारवलेली, म्हटलं. त्यांनी हातमोजे काढले आणि मला शाळेतल्या पोरीला समजावतात तसं समजावलं. याचे जंतू थोरल्या सशांच्या पोटात असतात. थोरला ससा ठणठणीत दिसतो, त्याला काही होत नाही, पण त्याच्या लेंडीतून ते रोज पडतात. पडले त्या दिवशी ते कोणाला मारत नाहीत. ओल मिळाली की दोन-तीन दिवसांत पिकतात. लेंडी उचलली तरी जे जमिनीला चिकटलं ते राहतं, आणि डोळ्यांना दिसत नाही. पिल्लू तिथे बसतं, पाय चाटतं. फिनेलने ते मरत नाहीत. कडक ऊन हवं, उकळतं पाणी हवं, आणि जमीन कोरडी हवी.

"त्या बाईंना जाळीचे पिंजरे दिले नव्हते?"

मी म्हणाले, "दिले होते. कांदे आहेत त्यात."

डॉक्टर हसले नाहीत. पाण्यात टाकायचं औषध घेऊन मी परत आले. ऑटोत सारखी लक्ष्मी डोळ्यांपुढे येत होती, पांढरीशुभ्र, निरोगी, त्या ओल्या जमिनीवर शांत बसलेली.

गावात आले तर दुसरीच बातमी. अध्यक्षबाईंच्या सुनेला तिसरा महिना होता. त्या दिवशी तिचा गर्भ पडला. त्याच घरातलं वाणाचं पिल्लू आदल्या दिवशी मेलं होतं. आता सांगा, याचा त्याच्याशी काय संबंध? काही नाही. पण नळावर मी घागर लावली तेव्हा मागून शब्द आलेच. "रांडमुंड बाईच्या हातचं वाण घेतलं ओटीत. मंग काय होईन?" मी वळले तर सगळ्या पाण्याकडे पाहत होत्या.

मी सरळ काकूंकडे गेले. त्या सारवत होत्या. मी म्हणाले, "काकू, थांबवा ते." आणि डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. शेणाचा हात तसाच हवेत. मग म्हणाल्या, "म्हंजे म्या रोज पुसत होती, तेच त्याहिले मारत होतं?"

"हो."

"आन तू त म्हने, चांगलं हाय."

"हो काकू. मीच म्हणाले."

मग मी संक्रांतीचंही सांगितलं. कणा हाताला लागला होता, हेही. का सांगितलं मला माहीत नाही, कोणी विचारलं नव्हतं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, मी भांडणात हुशार आहे.

"मंग सांगाचं ना वं," एवढंच म्हणाल्या.

दोन दिवसांनी मी बैठक बोलावली आणि सगळ्यांसमोर सांगितलं. हा रोग आहे, ओलीतून झाला, माझी चूक आहे, मला त्या दिवशी कळलं होतं आणि मी तोंड उघडलं नाही. काकूंचा हात वाईट नाही. रडलेही. अध्यक्षबाईंनी पाणी दिलं. "तुहं खरं हाय वं," त्या म्हणाल्या. "आमी काय अडानी हाव? रोगच असन." सगळ्या माना हलवत होत्या. औषध सगळ्यांनी नेलं, सांगितलं तसं दिलं, आणि चार पिल्लं वाचली. मला वाटलं, झालं, निस्तरलं.

काकूंनी मात्र त्या दिवसापासून आतली खोली सारवणं सोडलं. कांदे काढले, पिंजऱ्यांवर उकळतं पाणी ओतलं, उन्हात वाळवले आणि ससे जाळीवर ठेवले. पायाला टोचू नये म्हणून एका कोपऱ्यात फळीचा तुकडा तेवढा टाकला. थोरल्यांनाही औषध पाजलं. लेंडी रोज उचलून उन्हात टाकायच्या, मग वांग्याला. त्या वर्षी उन्हाळ्यात सात पिल्लं झाली, सातही जगली. दिवाळीनंतरची पण जगली. पण आता कोणी गेलं की चहा लगेच यायचा. हात फिरवायची गोष्ट काकूंनी पुन्हा कधी काढली नाही.

पुढची संक्रांत आली. काकू तबक घेऊन घरोघर बोलवायला गेल्या. माझ्याकडेही आल्या. "ये बरं. या वर्सी पाठीले हात लावून पायजो, काही नाई लागत." मी म्हणाले, येते. सगळ्याच येतो म्हणाल्या.

माझी लेक तेव्हा बाळंतपणाला घरी आली होती. सातवा महिना. मी दुपारी लुगडं नेसले, केस बांधले आणि निघाले. ओट्यावर लेक बसली होती, पोटावर हात ठेवून. तिने विचारलं, "आई, कुठे चालली?" मी म्हणाले, "कुठे नाही." आणि परत आत गेले.

सासू काही बोलली नव्हती. नवरा काही बोलला नव्हता. कोणीही अडवलं नाही. ते काळीज मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ठिपके पाहिले होते. रोगाचं नाव मला पाठ होतं. तरी गेले नाही. आता यावर मला काही म्हणायचं नाही, तुम्हाला म्हणायचं ते म्हणा.

दुसऱ्या दिवशी मी गेले. "पाव्हणे आले होते, काकू."

"हाव, असतेच," त्या म्हणाल्या.

भिंतीला लागून अकरा टोपल्या तशाच होत्या. अकरा पिल्लं, अंगावर चमक, पोटं सपाट, कान ताठ, पालकाची पानं खात बसलेली. खोलीत दुसरा कसलाही आवाज नव्हता. तबकात कुंकवाचा ढीग तसाच होता, त्याला बोट लागलेलं नव्हतं.

"कोणीच नाही आलं?" मी विचारलं.

"तू आली ना," काकू म्हणाल्या आणि चहाला उठल्या.

होळीच्या आधी त्या वडनेर भोलजीला बहिणीकडे गेल्या. छोट्या टेंपोत पिंजरे, पाव्हना, लक्ष्मी, सगळी पिल्लं. लोकांना वाटलं आठ दिवसांनी येतील. जाताना त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "घर पायत जाय," म्हणाल्या. लेकीला मुलगी झाली तेव्हा मी फोन केला, तर काकू फोनवर इतक्या हसल्या. अंगडं-टोपडं पाठवलं. मी ते बाळाला घातलं. बारशाला या, म्हटलं. म्हणाल्या, "येईन की, सशायचं पाह्याले कोनी भेटलं की येईन." त्याला आता दोन वर्षं होत आली.

मी अधूनमधून कुलूप काढते. परवाही गेले होते. आतल्या खोलीत सारवणाचे पापुद्रे सुटले आहेत, बोटांच्या कमानी कुठे कुठे अजून दिसतात. ओल कुठेच नाही. एवढी कोरडी जमीन तेव्हा हवी होती. मी खाली बसले, तळहात टेकवला आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरवला. सगळा हात धुळीने भरला. मी तो नाकासमोर धरला, पण पाहायला समोर कोणी नव्हतं.